पेटीतले एकशे बेचाळीस डोंगर

"आजवर किती डोंगर पाडलेस, बाई?"

भंते सुमेध यांनी हे इतक्या सहज विचारलं, की जणू चहात साखर किती घालू असं विचारत होते.

"एकशे बेचाळीस," रेवती म्हणाली.

"अरे बापरे. केवढे केवढे?"

"पेटीएवढे. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद."

"अस्सं..."

भंतेंनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली.

एरवी हा 'अस्सं' रेवतीला आवडायचा. आज तो तिला खुपला.

रेवती ढमढेरे ही पुण्याच्या एका संशोधन संस्थेतली, भूशास्त्रातली डॉक्टर. दरड कोसळायच्या आधी कळावं, म्हणून सहा वर्षं तिने एकच काम धरलं होतं. काचेच्या पेटीत माती भरायची, पेटी तिरकी करायची, वरून फवाऱ्याने पाऊस पाडायचा आणि माती घसरेपर्यंत डोळ्याचं पातं न लववता बघत बसायचं. एकशे बेचाळीस वेळा मातीतल्या पाण्याचा दाब आधी चढला, मग माती घसरली. एकदाही उलटं झालं नाही. नियम हाताला लागला.

आता तो नियम खऱ्या डोंगराला लावायचा होता. म्हणून दोन वर्षांपूर्वी ती खडपेवाडीला आली आणि वाडीच्या डोक्यावरच्या उतारात तिने बारा ठिकाणी लोखंडी नळ्या रोवल्या. नळीच्या आत दाब मोजायचं यंत्र. वाडीने त्यांना काठ्या म्हटलं, आणि हळूहळू रेवतीही काठ्याच म्हणायला लागली.

भंते राहायचे ओढ्याच्या अलीकडे, टेकाडावर. तिथे पूर्वी दगडाची खाण होती. खाण बंद पडली, पत्र्याची मोठी शेड उरली, शेडीचा विहार झाला. भंतेंचंही तसंच. चीवर घेऊन भिक्खू व्हायच्या आधी बावीस वर्षं ते याच खाणीत सुरुंग लावायचे. डाव्या हाताची दोन बोटं त्या नोकरीत ठेवून आले होते.

काठ्यांचे खड्डे घेतले तेव्हा ते रोज यायचे. भिक्खूला जमीन खणायला मनाई, म्हणून दगडावर बसून नुसतं सांगायचे, इथे नको, जरा तिकडे घ्या. संध्याकाळी रेवतीसमोर मांडी घालून प्रश्न विचारायचे. दाब म्हणजे काय? रेघ वर का जाते? ती शिकवायची. पुण्यात मैत्रिणींना सांगायची, "माझा सगळ्यात म्हातारा विद्यार्थी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे."

भंतेंच्या कानावर ते गेलं होतं. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं.

श्रावण अर्धा सरला होता. सोळा दिवसांपूर्वी पलीकडच्या खोऱ्यात दरड आली आणि सरकारने घाबरून खडपेवाडी रिकामी केली. सत्तावीस घरं. एकशे सतरा माणसं या पत्र्याच्या शेडीत येऊन पडली. आज एक वाजता तहसील कचेरीची जीप यायची होती. उतार स्थिर आहे, असं पत्र रेवतीने दिलं की माणसं संध्याकाळी आपापल्या चुलीपाशी.

पत्र तिच्या पिशवीत तयार होतं. सहीसकट.

पण वाडीतली माणसं तिला सरळ म्हणाली होती, "ताई, कागद तुमचा खराच असंल. पर भंते 'उतरा' म्हणालं की आमी उतरू."

म्हणून ती सकाळी आठलाच त्यांच्यासमोर येऊन बसली होती.

"तर मग," भंते म्हणाले, "डोंगर पडणार नाही?"

"नाही. अकराही काठ्या शांत आहेत. दाब चढल्याशिवाय माती घसरत नाही, भंते. तुम्हाला शिकवलंय मी."

"शिकवलंयस. पण रोवल्या बारा होत्या."

"बारावी बिघडलीय."

"अस्सं... बिघडलेली काय म्हणते?"

रेवतीने पिशवीचा बंद उगाच घट्ट केला.

"काहीही म्हणते. एकदम वर जाते, एकदम खाली येते. तासाभरात चार वेळा. असं काही पेटीत कधी झालं नाही. यंत्रात पाणी शिरलं असणार. मी तिच्या नोंदी धरलेल्या नाहीत."

हे बोलताना तिचा आवाज अगदी सरळ होता. पण गेले आठ दिवस रोज सकाळी डोळे उघडले की ती आधी बारावीची रेघ बघत होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पत्रात तर नव्हतंच.

तुरीच्या बाजारात एका म्हाताऱ्या शेटजींची गोष्ट अजून सांगतात. पोत्यात पोकळ सळई खुपसून ते दाणे काढायचे. मूठभर टपोरे दाणे निघाले, त्यात एक किडका निघाला, तर टपोरे परत पोत्यात टाकायचे आणि किडका तेवढा तळहातावर ठेवून बसायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "हे बाकीचे मला खूश करायला आलेत. खरं बोलायला हा एकटाच आलाय." रेवतीला तुरीचा बाजार माहीत नव्हता. तिने टपोरे ठेवले होते.

"पेटीतली माती कुठली?" भंतेंनी विचारलं.

"याच डोंगरावरची. तीस पोती नेली होती."

"आणि नेऊन?"

"वाळवली. कुटली. चाळली. मग भरली."

"चाळणीत वर काय राहिलं?"

"दगडगोटे... मुळं. कचरा सगळा."

"त्याचं काय केलंस?"

"टाकून दिलं." तिला हा प्रश्न बालिश वाटला. "चाळल्याशिवाय प्रयोग होतच नाही, भंते. दर वेळी माती सारखी असावी लागते. नाहीतर एकशे बेचाळीस वेळा केलेलं एकमेकांशी ताडून कसं बघणार?"

"बरोबर आहे," भंते म्हणाले. "अगदी बरोबर आहे..."

आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिले. धुक्यात त्याचा माथा दिसत नव्हता. कंबरेपासून खालचा तेवढा दिसत होता, काळा, ओला.

"झालं का न्हाई तुमचं?"

शेडीच्या दारात हौसाक्का उभी होती. वाडीतल्या लग्नांचा भात गेली तीस वर्षं हिच्या हातचा, आणि त्यामुळे आवाजही चारशे पानांना पुरेल असा. डोक्यावर गाठोडं, हातात झाडू.

"मी म्होरं जाती. चूल सारवून ठेवती. सोळा दिस झालं, घरात उंदरांनी लगीन लावलं असंल."

"अजून भंते काही बोलले नाहीत, अक्का," रेवती म्हणाली.

"मग बोला की वं भंते. ही पोर एवढी शिकल्याली, ती म्हणती न्हाई पडायचा डोंगर. लहान डोंगर करून बघितलाय तिनं."

"लहान डोंगरावरून मोठ्याचं कळतं का, अक्का?" भंतेंनी तिलाच विचारलं.

"ते मला काय ठावं? मला भातातलं इचारा." हौसाक्काने गाठोडं खाली ठेवलं. "चार माणसांच्या भाताला तांदळावर एक बोट पाणी घालत्यात. चारशेच्या भाताला काय बोट शंभरपट लांब करू? तसं केलं आसतं तर लोकांनी भात पिला आसता, जेवलं नसतं."

ती स्वतःच खदखदून हसली. भंतेही हसले.

रेवती हसली नाही. "तेवढं आम्हालाही कळतं, अक्का. त्यासाठी सूत्रं असतात."

"आसत्याल बाई. मला भांड्याच्या बुडाला कान लावून कळतं. पर लावावा लागतो कान."

भंते उठले. कोपऱ्यातली खाणीतली जुनी पहार त्यांनी उचलली, खांद्यावर टाकली, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेतला.

"चल बाई. तुझी बिघडलेली काठी दाखव."

"वर कशाला? निसरडं आहे सगळं. सगळे आकडे इथे माझ्या फोनवर..."

भंते निघालेही होते.

ओढा ओलांडून तिघं वाडीत शिरली. पाऊस नव्हता, नुसतं झिमझिमत होतं. रिकामी वाडी रेवतीने पहिल्यांदा बघितली. दोरीवर राहिलेलं एक लहान मुलाचं झबलं हिरवं पडलं होतं. एका अंगणात पाटा होता आणि वरवंटा नव्हता. उताराने तो गडगडत जाऊन खालच्या घराच्या भिंतीला टेकला होता.

"आपोआप कसा गेला?" ती म्हणाली.



हौसाक्काचं घर सगळ्यात वरचं, डोंगराला पाठ लावून. तिने कुलूप काढलं, दार ढकललं. दार हललं नाही. खांदा लावला. नाही.

"फुगलंय मेलं पावसानं." तिने लाथ घातली. "लग्नातलं दार हाय. कवा आडलं न्हाई आजपातूर."

भंतेंनी पहार भिंतीला टेकवली आणि चौकटीवर तळहात ठेवला. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत हात फिरवत आणला. मग रेवतीकडे बघितलं.

ती पुढे झाली. तिने फोनमधलं तिरपेपणा दाखवणारं यंत्र चौकटीला लावलं. चौकट काटकोनात नव्हती. दार फुगलं नव्हतं. घर मुरगळलं होतं.

"काय झालं?" हौसाक्काने विचारलं.

"बघू या," रेवती म्हणाली.

वरच्या चढाला लागल्यावर भंते चौथ्या काठीपाशी थांबले. ही सगळ्यात शहाणी काठी. दोन वर्षांत एकदाही चुकली नव्हती. आताही फोनवर तिची रेघ आडवी पडून होती, झोपलेल्या मांजरासारखी.

काठीपासून हातभर अंतरावर खेकड्याचं बीळ होतं. भंतेंनी वाकून त्यात तांब्या ओतला. सगळा.

पाणी गुडगुड करत आत गेलं.

"तुझी बाटली दे."

रेवतीने दिली. लिटरभर पाणी. तेही गेलं. वर एक थेंब साचला नाही.

"रेघ?" भंतेंनी विचारलं.

तिने फोनकडे बघितलं. मिनिट गेलं. दोन गेली. रेघ आडवी.

"कळलंच नाही तिला," रेवती पुटपुटली.

"कशाला कळेल? पाणी तिच्या दारावरून गेलं. आत कुठे आलं?"

हौसाक्का म्हणाली, "आवो, सगळ्या डोंगराला भोकंच भोकं हायत. खेकडं, घुशी. जुन्या आंब्याची मुळं कुजून हीऽ एवढी नळकांडी झाल्यात. तुमच्या पेटीत नव्हती व्हय?"

"नव्हती," रेवती म्हणाली.

तिने चाळून टाकली होती.

मग ती काही न सांगता वर चढू लागली. आता ती पुढे होती आणि भंते मागे. बारावी काठी उताराच्या उजव्या अंगाला, वाडीच्या झऱ्याच्या वरच्या बाजूला होती. त्या झऱ्याचं पाणी वाडी बाराही महिने पीत आली होती. श्रावणात तर तो मांडीएवढा जाड वाहायचा आणि त्याचा आवाज ओढ्यापर्यंत यायचा.

रेवती थांबली. तिला तेव्हा उमगलं, की मघापासून काहीतरी ऐकू येत नव्हतं.

झरा कोरडा होता.

दगडांवर शेवाळ अजून ओलं होतं, पण पाणी नव्हतं. एक धारसुद्धा नाही. वरून सोळा दिवस पाऊस ओततोय, आणि खाली झरा कोरडा.

"आगं आई..." हौसाक्का म्हणाली. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईचा आवाज इतका लहान होऊ शकतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. "ह्यो कवाच आटला न्हाई. दुष्काळात बी न्हाई. पानी गेलं कुठं?"

रेवतीला माहीत होतं. तिच्या पेटीला खालच्या टोकाला एक भोक होतं. पाणी निथळून बादलीत जायचं. ते भोक तिने स्वतः पाडलं होतं. शास्त्रासाठी नव्हे. भोक नसलं की टेबल भिजायचं आणि प्रयोगशाळेचा शिपाई कुरकुर करायचा. एकशे बेचाळीस वेळा ते भोक उघडं होतं. एकदाही तिच्या मनात आलं नाही, की ते बुजलं तर काय होईल.

"आत आहे," ती म्हणाली. "सगळं आत आहे."

बारावी काठी वाकली होती. खालच्या बाजूला, जराशीच. आणि फोनवर तिची रेघ चढत होती, पडत होती, चढत होती. बिघडलेल्या यंत्राची रेघ अशी नसते. रेवतीला ते आठ दिवसांपूर्वीच ठाऊक होतं. श्वास कोंडलेल्या माणसाची छाती अशी हलते.

तिला पळावंसं वाटलं. पायाखाली जे होतं ते जमीन नव्हे, झाकण आहे, असं वाटू लागलं.

भंतेंनी पहार उचलली. बाजूला उघड्या पडलेल्या कातळावर एकदा हाणली. पहार टाकून कान लावला. दुसऱ्या जागी हाणली. पुन्हा कान.

"काय म्हणतोय?" रेवतीने विचारलं. "भंते, तुम्हाला कळतं ना? सांगा. आज पडेल? उद्या?"

"माहीत नाही."

"असं कसं? बावीस वर्षं तुम्ही हेच केलंत!"

"बावीस वर्षं..." भंते कातळावर बसले. "खाणीत रीत होती. सकाळी माणसं खाली उतरायच्या आधी सुरुंगवाल्याने कातळ वाजवून बघायचा. भदभद वाजला तर आत पोकळ. ठणठण वाजला तर धड. धड असला की मी हाक द्यायचो, 'चला'. मग माणसं उतरायची."

"मग?"

"एक दिवस असाच वाजवला. ठणठणीत वाजला, देवळातल्या घंटेसारखा. हाक दिली. पाच जण उतरले. मी वरच थांबलो, तंबाखू मळत होतो..."

हौसाक्काने पदर तोंडाला लावला होता. त्या पाचांत तिच्या माहेरचं एक माणूस होतं.

"कातळ खोटं बोलला?" रेवतीने हळूच विचारलं.

"नाही. मी जिथे वाजवलं, तिथे तो धडच होता."

धुकं खाली सरकलं. झऱ्याच्या वरून कुठूनतरी चार खडे सुटले आणि टपटप करत खाली आले. चारच. तिघंही जागच्या जागी गोठली. मग सगळं पुन्हा गप्प.

"चला," भंते म्हणाले. "पळायचं नाही. एकामागे एक. पाय आपटायचे नाहीत."

हौसाक्काने झाडू तिथेच टाकला. तिघं उतरली. हौसाक्काच्या घरावरून गेली, तिने दाराकडे बघितलं नाही. गडगडलेल्या वरवंट्याला वळसा घातला. त्या उतरणीला दहा मिनिटं लागत. रेवतीला वाटलं, आपण सहा वर्षं उतरतोय. ओढा ओलांडला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण दात इतके घट्ट आवळले होते की जबडा दुखतोय.

विहारापाशी गाठोडी बांधून तयार होती. माणसं ओळीने बसली होती, एसटीची वाट बघावी तशी. जीपही लवकर येऊन उभी होती. कचेरीतला माणूस छत्री धरून पुढे आला.

"या मॅडम. पत्र द्या, म्हणजे आमचं एक काम मोकळं झालं. तुमची ही पद्धत जिल्ह्यातल्या साठ डोंगरांवर लावायची असं वर ठरतंय. अभिनंदन."

रेवतीने पिशवीतून पत्र काढलं. त्याच्याकडे बघितलं. चार घड्या घातल्या आणि परत पिशवीत टाकलं.

"हे पत्र चुकीचं आहे."

"म्हणजे? पडणार आहे डोंगर?"

"माहीत नाही."

"मग पडणार नाही?"

"तेही माहीत नाही. झरा आटलाय. एक घर मुरगळलंय. पाणी आत साठतंय आणि माझ्या अकरा काठ्यांना ते दिसत नाहीये. जिला दिसत होतं, तिला मी बिघडलेली ठरवली. कुणीही खाली जायचं नाही, एवढंच मी लिहून देते."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

त्या माणसाने छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं.

"मॅडम, 'माहीत नाही' असं पत्र मी साहेबांपुढे कसं ठेवू? ते विचारतील, मग सहा वर्षं काय केलं?"

"सांगा त्यांना," रेवती म्हणाली. "पेटीतली माती चाळली."

तिने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून नवं पत्र लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. साठ डोंगर गेले, हे तिला लिहितानाच कळत होतं. कदाचित नोकरीही.

ओळीतून बाबू खडपे उठला. वाडीतला पुढारी म्हणावा असा तोच.

"ताई, सकाळी म्हणलासा जावा. आता म्हणता जाऊ नका. आमी काय चेंडू हाय? माजी लावणी खोळंबलीय. पोरं खोकत्यात. पडतोय का न्हाई, एक काय ते बोला."

"बाबू, मला येत नाही सांगता," रेवती म्हणाली. "मला भीती वाटतेय. एवढंच खरं सांगू शकते."

ओळीत कुजबुज उठली. कुणी हसलंही. "डाक्टरीन भ्याली!"

"मी बी भ्याली," हौसाक्का म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. "झरा मी बघून आलीया. कुनाला जायचं त्यानं जावा, मी माजं गाठुडं सोडती." आणि तिने तिथेच, सगळ्यांच्या पायांत बसून गाठ सोडली.

बाबूने भंतेंकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"भंते, तुमी सांगा. उतरू का?"

भंतेंनी रेवतीकडे हात केला.

"तिला विचारा. मी तिचा विद्यार्थी आहे."

मग एक गाठोडं सुटलं. मग दुसरं. बाबूने सगळ्यात शेवटी सोडलं, शिव्या देत.

जीप गेली. पाऊस धरून आला. पत्र्यावर आवाज इतका वाढला, की शेडीत बोलणं ऐकू येईना. रेवती वळचणीला येऊन उभी राहिली. समोर डोंगर होता, किंवा डोंगराच्या जागी धुकं होतं. भंते येऊन शेजारी उभे राहिले.

"भंते."

"हं."

"आणि तो पडलाच नाही तर? महिना गेला, दोन गेले, दिवाळी आली... आणि काहीच झालं नाही तर?"

भंतेंनी वळचणीच्या धारेखाली हात धरला.

"वाडी मला हसेल. आयुष्यभर हसेल."

"हसेल..." भंते म्हणाले.

पलीकडे, धुक्याच्या आत, काहीतरी हललं. की हललं नाही. दोघंही कान देऊन उभी राहिली. पावसाशिवाय काही ऐकू आलं नाही.

"हसू दे," भंते म्हणाले. "तू फक्त रोज मोजून घेत जा. हसणाऱ्यांत एकही कमी पडता कामा नये."